फेरेटचा वास आणि माणसाचे घर

फेरेट हा मस्टेलिडी कुळातला, लांबट अंगाचा आणि आखूड पायांचा मांसाहारी प्राणी आहे. पाणमांजर आणि चांदी अस्वल हे त्याच्या कुळातले भारतातले सदस्य. दिसायला तो मुंगसाच्या जवळचा वाटतो, पण मुंगसाचे कूळ वेगळे. युरोपातल्या पोलकॅट या रानटी जनावराला माणसाने किमान दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवले आणि त्यातून फेरेट घडला. पूर्ण वाढलेला नर साधारण एक ते दोन किलो भरतो, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. इतक्या दीर्घ सहवासात पोलकॅटचा बुजरेपणा गेला, माणसाचा हात सहन होऊ लागला, पांढऱ्या रंगाची जात जोपासली गेली. अंगाचा उग्र वास मात्र तसाच राहिला. हा वास दूर ठेवणे, धुऊन काढणे, औषधाने दाबणे आणि शस्त्रक्रियेने कापून टाकणे, असे सगळे उपाय माणसाने वेगवेगळ्या काळात करून पाहिले आहेत.

वासाचे उगम दोन. पहिला म्हणजे गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या लहान पिशव्या. त्यांत गंधकयुक्त, पिवळसर, तेलकट स्राव साठतो. प्राणी घाबरला, चिडला किंवा झोंबाझोंबीत सापडला की तो एकदम बाहेर पडतो. हा भपकारा डोके उठवणारा असतो, पण काही मिनिटांत विरून जातो. दुसरा उगम म्हणजे कातडीभर पसरलेल्या तैलग्रंथी. त्यांतून झिरपणारे तेल केसांवर पसरते, तिथून अंथरुणात मुरते आणि हळूहळू साऱ्या खोलीला लागते. या ग्रंथी लैंगिक संप्रेरकांच्या हुकमतीत असतात. उत्तर गोलार्धात हिवाळा सरता सरता नर माजावर येतो, तेव्हा त्याचे केस चिकट आणि पिवळट होतात. तो कोपऱ्याकोपऱ्यांवर मूत्र शिंपडतो आणि ते स्वतःच्या पोटालाही फासून घेतो. घरात ‘फेरेटचा वास’ म्हणून जो ओळखला जातो, तो मुख्यतः या दुसऱ्या उगमातला. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे विसाव्या शतकात असंख्य निरोगी पिल्लांवर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, तो या इतिहासातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

फेरेटसारख्या प्राण्याचे पहिले स्पष्ट वर्णन रोमन काळात सापडते आणि ते सशांच्या संदर्भात आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने आपल्या ‘भूगोल’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात स्पेनच्या दक्षिण भागातल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिले आहे. भूमध्य समुद्रातल्या बॅलेरिक बेटांवर सशांनी इतका कहर केला होता की तिथल्या रहिवाशांनी रोमनांकडे शिष्टमंडळ पाठवून दुसरीकडे जमीन मागितली. त्याच ओघात स्ट्रेबो सांगतो, की लिबियातून आणलेले ‘रानटी वीझल’ तोंडाला मुसके बांधून सशांच्या बिळात सोडतात. ते सशांना नख्यांनी बाहेर ओढतात किंवा हुसकावून लावतात आणि बाहेर टपून बसलेली माणसे त्यांना पकडतात. रोमन लेखक प्लिनीनेही पहिल्या शतकात बॅलेरिक बेटांचीच कथा सांगितली आहे: तिथल्या लोकांनी सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. बिळात शिरून ससे बाहेर काढणाऱ्या प्राण्यांना तिथे मोठी किंमत होती, असे तो नोंदवतो. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या विश्वकोशात अंधाऱ्या बिळांतून शिकार बाहेर काढणारा प्राणी म्हणून फेरेटची नोंद केली.

या उताऱ्यांत वासाबद्दल तक्रार नाही आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हा प्राणी अवजार होता. तो माळावर कामाला नेला जाई, काम झाले की पेटीत बंद होई. उलट त्याचा वास हा त्याच्या उपयोगाचाच भाग होता. बिळात शिकारी प्राण्याचा गंध शिरला की ससा आतमध्ये थांबत नाही. फेरेट त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो पळायला लागतो. ज्या गुणामुळे आज दिवाणखान्यात खिडक्या उघडाव्या लागतात, तोच गुण शिकाऱ्याला जाळ्यात ससा मिळवून देत होता.

नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये ससे आणल्यानंतर तिथे ‘वॉरन’ म्हणजे ससे पाळण्याची राखीव माळराने उभी राहिली. मांस आणि कातडी दोन्हींना भाव होता, म्हणून वॉरन ही मोठ्या जमीनदारांची आणि मठांची मालमत्ता असे. नॉरफोकमधल्या थेटफर्ड इथे साधारण १४०० च्या सुमारास मठाधिपतीने बांधलेली वॉरन-रखवालदाराची दगडी कोठी अजून उभी आहे. तिच्या तळमजल्यावर धंद्याचे सामान आणि मारलेले ससे ठेवत, राहण्याची जागा वरच्या मजल्यावर होती. त्या काळातली चित्रेही बोलकी आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘क्वीन मेरी साल्टर’ या हस्तलिखितात स्त्रिया बिळाच्या तोंडाशी जाळे लावून फेरेट आत सोडताना दिसतात. फ्रान्समध्ये गास्तों फेबूस याने १३८७ ते १३८९ या काळात लिहिलेल्या शिकारग्रंथाच्या सचित्र प्रतींतही फेरेटने ससे काढण्याचा प्रसंग आहे.

फेरेट बाळगणे हा हक्काचा प्रश्नही झाला. इंग्लंडचा राजा दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत १३९० मध्ये झालेल्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला आणि १० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या धर्मगुरूला शिकारी कुत्री, जाळी आणि फेरेट बाळगण्याची मनाई केली. हेतू उघड होता: गरिबाने जमीनदाराचे ससे पळवू नयेत. पण कुत्र्यापेक्षा फेरेट लपवायला सोपा. तो भुंकत नाही, खिशात मावतो, रात्री काम करतो. चोरटी शिकार करणाऱ्यांनी तो शतकानुशतके कोटाच्या आत नेला. लपवलेल्या फेरेटबाबत अडचण होती ती वासाचीच. कोटाला एकदा लागलेला तो गंध सहज जात नसे.

एकोणिसाव्या शतकात फेरेट खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या अंगणात आला. ब्रिटनमध्ये १८८० च्या ‘ग्राउंड गेम’ कायद्याने कुळांना आपण कसत असलेल्या जमिनीवरचे ससे मारण्याचा हक्क मिळाला. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत मागच्या अंगणात कबुतरांच्या खुराड्याशेजारी फेरेटची पेटी दिसू लागली. रविवारचा ससा हा त्या घरांना मांसाचा आधार होता. शहरांत फेरेटला दुसरे काम होते. लंडनचा प्रसिद्ध उंदीरमार जॅक ब्लॅक, जो स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीरमार म्हणवत असे, त्याची मुलाखत पत्रकार हेन्री मेह्यूने घेतली आणि लंडनच्या गरिबांवरील आपल्या ग्रंथात छापली. ब्लॅकच्या धंद्यात कुत्र्यांबरोबर फेरेटही होते. मँचेस्टरच्या आइक मॅथ्यूज या उंदीरमाराने पंचवीस वर्षांच्या अनुभवावर १८९८ मध्ये पुस्तक लिहिले, त्यात फेरेटला कामाला कसे लावावे हा मोठा विषय आहे. त्याच्या आदल्या वर्षी निकोलस एव्हरिट यांचे फेरेटची निगा आणि रोग यांवरचे स्वतंत्र पुस्तक निघाले. पिढीजात तोंडी चालत आलेले ज्ञान आता छापले जाऊ लागले.

या काळातल्या फेरेट पाळणाऱ्यांचे वासाबद्दलचे शहाणपण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यातले बरेचसे आजही खरे ठरते. फेरेट स्वभावाने स्वच्छ प्राणी आहे. तो झोपतो त्या जागेपासून दूर, ठरावीक कोपऱ्यात मागे सरकत जाऊन मलमूत्र टाकतो. म्हणून पेटीचे दोन भाग करत: एक झोपायचा, पेंढ्याने भरलेला; दुसरा मोकळा, त्यात लाकडाचा भुसा. पेटी जमिनीपासून उंच पायांवर ठेवत, म्हणजे खालून हवा खेळे आणि ओल साचत नसे. नेहमीचा कोपरा रोज खरवडून काढायचा, ओला पेंढा लगेच बदलायचा, ही जाणत्या माणसाची रीत होती. ज्याच्या पेटीला दुर्गंधी, तो आळशी, असा त्या मंडळींचा सरळ हिशेब असे. त्यामागे धंद्याचे कारणही होते. घाणेरड्या, ओल्या पेटीत फेरेटच्या पायांना खरजेचा रोग होई. पंजे सुजत, नखे गळत आणि जनावर कामातून जाई.

एक चूक मात्र जवळजवळ सगळेच करत. फेरेटला दुधात कुस्करलेला पाव घालण्याची पद्धत ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती. मांस दिले तर तो रक्ताला चटावेल आणि बिळातच ससा मारून खात बसेल, असा समज होता. शिवाय पाव स्वस्त होता. फेरेटचे आतडे आखूड असते, त्याला अंधांत्र नसते आणि अन्न तीन-चार तासांत शरीराबाहेर पडते. दूध-पिठावर त्याला पातळ जुलाब होत आणि त्याची दुर्गंधी पेटीभर पसरे. फेरेटच्या बदनामीतला मोठा हिस्सा या पाव-दुधाचा होता, त्याच्या अंगाचा नव्हता. पूर्ण मांसाहार मिळाला की मळ कमी आणि घट्ट होतो, वासही उतरतो. हे कळायला पशुवैद्यकाला आहारशास्त्राची जोड मिळावी लागली.

याच सुमारास फेरेट जगभर नेला गेला आणि त्याचे परिणाम सगळीकडे चांगले झाले नाहीत. न्यूझीलंडमध्ये युरोपीय वसाहतवाल्यांनीच आणलेल्या सशांनी कुरणे फस्त केली, तेव्हा १८७९ पासून फेरेट आणि पाठोपाठ त्याचे भाईबंद आणून रानात सोडण्यात आले. १८८० च्या दशकात त्यांची संख्या हजारोंवर गेली. ससे आटोक्यात आले नाहीत, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे मात्र अतोनात नुकसान झाले. त्या देशाने २००२ मध्ये फेरेटच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घातली. अमेरिकेत फेरेट आले ते गोदामे आणि कोठारांतल्या उंदरांसाठी. तिथे धंद्यातले लोक एका साध्या गोष्टीवर भर देत: फेरेटचा गंध जिथे मुरला आहे तिथे उंदीर सहसा थांबत नाहीत. १९४८ नंतर वॉर्फरिन हे उंदीरनाशक बाजारात आले आणि हे काम संपत गेले.

फेरेटला प्रयोगशाळेचे दार दाखवले ते रोगांनी. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत पॅट्रिक लेडलॉ आणि जी. डब्ल्यू. डंकिन हे १९२० च्या दशकात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर काम करत होते. फेरेटला हा रोग सहज होतो, म्हणून त्याची वसाहत मिल हिल इथे काटेकोर विलगीकरणात ठेवली गेली. १९३३ मध्ये याच संस्थेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेटमध्ये माणसाचा इन्फ्लुएंझा संक्रमित करून त्याचे कारण विषाणू आहे हे सिद्ध केले. आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांनाही फ्लू झाला, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पुढच्या दशकांत फेरेट बंद खोल्यांत, पिंजऱ्यांच्या रांगांत वाढू लागले. मोकळ्या अंगणात वारा जे काम फुकट करत होता, ते आता हवेशीर बांधणी, धुता येणाऱ्या भिंती आणि रोजच्या साफसफाईने करावे लागले.

घरातल्या वासाच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध याच काळात अमेरिकेत लागला, पण त्याचा तसा अर्थ लागायला अर्धशतक गेले. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील टी. एच. बिसोनेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की शरद-हिवाळ्यात संध्याकाळी विजेचा उजेड वाढवून दिला तर फेरेट ऐन थंडीत माजावर येतात. फेरेटचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. याचा सरळ परिणाम असा, की रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरात ठेवलेल्या फेरेटचे ऋतुचक्र बिघडते. पेटीत, झाडाखाली राहणारा नर वर्षातले काही महिनेच घाणेरडा वास मारत असे. दिव्याच्या उजेडात राहणाऱ्याचा काळ लांबू लागला.

दरम्यान ब्रिटनमध्ये फेरेटचे मूळ कामच हरवले. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये एका जमीनमालकाने आपल्या आवारात मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग मुद्दाम सोडला. १९५३ मध्ये तो केंटमध्ये दिसला आणि दोन वर्षांत ब्रिटनमधले ९५ टक्क्यांहून अधिक ससे मेले. अनेकांनी फेरेट ठेवणे सोडले. ज्यांनी ठेवले, त्यांच्यापैकी काहींच्या घरी मुलांनी फेरेटला खेळगडी बनवून घरात आणले. मागच्या अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतचा हा प्रवास शिकारीसाठी नव्हता. त्याचे कारण माया हेच होते.

अमेरिकेत तो प्रवास बाजाराने घडवला. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ रोज इथे १९३९ मध्ये सुरू झालेल्या मार्शल फार्म्सने आधी प्रयोगशाळांसाठी आणि पुढे पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी मोठ्या प्रमाणावर फेरेट वाढवले. १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकी शहरांतल्या सदनिकांत फेरेट लोकप्रिय झाला. १९९० मध्ये फेरेटसाठी रेबीजच्या लशीला मान्यता मिळाली, तेव्हा त्याचे पाळीवपण कागदावरही आले. तरी कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत तो आजही बेकायदा आहे. सदनिकेत गालिचा, सोफा आणि बंद खिडक्या असतात. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न वासाचा असे आणि विकणाऱ्यांनी त्याचे उत्तर शस्त्रक्रियेत शोधले. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे असतानाच त्याचे निर्बीजीकरण करायचे आणि त्याच वेळी गुदपिशव्या काढून टाकायच्या. दोन्ही झाल्याची खूण म्हणून कानावर दोन ठिपके गोंदायचे. दुकानात अशी पिल्ले ‘गंधमुक्त’ म्हणून विकली जात.

गंधमुक्त हा शब्द खोटा होता. ही कल्पना अमेरिकी स्कंकच्या बाबतीत पटण्यासारखी होती, कारण स्कंकचा त्रास त्याच्या पिशव्यांतून उडणाऱ्या फवाऱ्याचा असतो. पिशव्या काढल्या की तो संपतो. फेरेटचे तसे नाही. त्याचा क्षणिक भपकारा पिशव्यांचा, पण रोजचा वास कातडीचा. पिशव्या काढलेला, पण निर्बीजीकरण न झालेला नर माजावर आला की आधीइतकाच वास मारतो. उलट पिशव्या शाबूत असलेला, निर्बीजीकरण झालेला आणि स्वच्छ ठेवलेला फेरेट घरात निभावून जातो. दुकानातून आणलेल्या पिल्लाचा वास कमी असल्याचे श्रेय गिऱ्हाइकांनी गुदपिशव्यांच्या शस्त्रक्रियेला दिले. ते खरे तर सोबत झालेल्या निर्बीजीकरणाचे होते. दोन शस्त्रक्रिया एकाच दिवशी, एकाच पिल्लावर होत असल्यामुळे हा गैरसमज दुरुस्त व्हायला संधीच मिळाली नाही. काही आठवड्यांच्या जिवाला भूल देऊन निरोगी अवयव काढायचा, त्यातून जखम चिघळण्याचा आणि मलविसर्जनावरचा ताबा जाण्याचा धोका पत्करायचा, आणि मिळवायचे काय, तर जो भपकारा महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी काही मिनिटे येतो त्यापासून सुटका. एवढ्या छोट्या लाभासाठी एवढी मोठी किंमत जनावराकडून वसूल करणे अन्यायाचे होते.

त्या पिशव्यांतले रसायन काय आहे, हे १९८० च्या सुमारास उलगडू लागले, तेही घरातल्या वासाच्या चिंतेतून नव्हे. डी. आर. क्रम्प यांनी फेरेट आणि त्याचा भाईबंद स्टोट यांच्या गुदग्रंथींचा स्राव तपासला आणि त्यात थाएटेन व डायथायोलेन या गंधकयुक्त वलयी संयुगांचे मिश्रण, शिवाय इंडोल, असल्याचे दाखवले. पाठोपाठ बी. के. क्लॅपर्टन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले, की या स्रावावरून फेरेट एकमेकांना ओळखतात. नर-मादी आणि ओळखीचा-परका हा भेद त्यांना त्यातून कळतो. त्याच वर्षी कॅनडात टी. पी. सलिव्हन यांनी क्रम्प यांच्यासह अशा शिकारी प्राण्यांच्या गंधाने शेत कुरतडणारे उंदीरवर्गीय प्राणी दूर राहतात का, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. जुन्या उंदीरमारांचे अनुभवाचे बोल अशा रीतीने प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. दुकानात ज्याला कचरा म्हणून कापून टाकत होते, तो फेरेटच्या ओळखीचा आणि संवादाचा भाग होता.

निर्बीजीकरणाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्याला वासापलीकडची भक्कम कारणे होती. फेरेटची मादी माजावर आली की समागम होईपर्यंत माज उतरत नाही. बीजकोशातून अंडे सुटण्यासाठी समागमाचाच धक्का लागतो. महिनोन्महिने चढत्या इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा निकामी होते आणि रक्तक्षयाने मादी मरते. ब्रिटनच्या फेरेटवाल्यांनी यावर नसबंदी केलेला नर सोडण्याची युक्ती काढली, त्यातून मादीला साधारण सहा आठवड्यांचे खोटे गरोदरपण येते. पुढे संप्रेरकाचे इंजेक्शन आले, त्याला ते ‘जिल-जॅब’ म्हणतात. घरात ठेवायच्या प्राण्यासाठी मात्र कायमची शस्त्रक्रिया सोपी वाटली आणि तिच्यामुळे वासही उतरला.

मग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत एक आजार वाढलेला दिसू लागला. शेपटीपासून केस गळत, मादीचे जननांग सुजे, नराला प्रोस्टेटमुळे लघवी होईनाशी होई, आणि निर्बीजीकरण झालेल्या प्राण्याला पुन्हा माजाचा उग्र वास येऊ लागे. मूत्रपिंडाजवळची ॲड्रिनल ग्रंथी लैंगिक संप्रेरके तयार करू लागली होती. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एन. जे. शूमाकर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्बीजीकरणाचे वय आणि आजार दिसण्याचे वय यांचा संबंध आढळला. दोहोंमधले अंतर साधारण साडेतीन वर्षे होते. वृषण किंवा बीजकोश काढल्यावर मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीवरचा लगाम सुटतो, तिच्यातून ल्युटिनायझिंग संप्रेरक वाहत राहते आणि ते ॲड्रिनलला सतत चिथावते, असा त्याचा उलगडा आहे. घरातल्या कृत्रिम उजेडाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्या उपायाने वास गेला म्हणून घर निश्चिंत झाले होते, त्यानेच काही वर्षांनी वास आणि आजार दोन्ही परत आणले.

यावर सापडलेली वाट कातडीखाली बसवायच्या डेस्लोरेलिनच्या कांडीची. हे औषध ऑस्ट्रेलियात कुत्र्यांसाठी विकसित झाले होते. ते पीयूषिकेला आधी थोडे उत्तेजित करते आणि मग दीर्घकाळ शांत ठेवते. ल्युटिनायझिंग संप्रेरकच थांबल्यामुळे ॲड्रिनललाही चिथावणी मिळत नाही. उट्रेख्तच्याच गटाने २००८ मध्ये नर फेरेटवर याची तुलना शस्त्रक्रियेशी केली. कांडी बसवलेल्या नरांचा उग्र वास आणि भांडखोरपणा शस्त्रक्रिया झालेल्या नरांहूनही कमी निघाला. परिणाम ओसरला की कांडी पुन्हा बसवावी लागते आणि खर्चही येतो, पण युरोपात अनेक पशुवैद्य आता हीच वाट सुचवतात.

कायद्यांनीही हळूहळू हीच दिशा घेतली. युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारातील दहाव्या कलमाने, उपचारासाठी नसलेल्या किंवा प्राण्याचे रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना मनाई केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने वैद्यकीय कारणाशिवाय शरीराच्या संवेदनशील उतींत ढवळाढवळ करणे गुन्हा ठरवले. केवळ वासासाठी गुदपिशव्या काढणे तिथल्या पशुवैद्यांच्या दृष्टीने त्यातच बसते. अमेरिकेत मात्र मोठ्या पैदास केंद्रांतून येणारी पिल्ले अजूनही शस्त्रक्रिया होऊनच दुकानात पोहोचतात.

आज घरात फेरेट ठेवणाऱ्यांमध्ये जी पद्धत रुजली आहे, ती खाणकामगारांच्या पेटीजवळ बरीच येते. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो, म्हणून त्याच्या अंगचे तेल सर्वांत जास्त अंथरुणात साठते. झोळ्या, चादरी आणि झोपायच्या पिशव्या आठवड्यातून किमान एकदा, माजाच्या काळात त्याहून वारंवार, सुगंध नसलेल्या साबणाने धुतात. मलपात्र कोपऱ्यात ठेवतात, कारण फेरेट कोपरा सोडून कुठे जात नाही, आणि ते रोज साफ करतात. पात्रात दाबलेला कागद किंवा लाकडाच्या गोळ्या घालतात. देवदार आणि कच्च्या पाइनचा सुवासिक भुसा मात्र वर्ज्य मानला जातो, कारण त्यातली बाष्पनशील द्रव्ये श्वसनमार्गाला झोंबतात. अत्तराचे फवारेही त्याच कारणाने टाळतात. कानात साठणारा तपकिरी मळ हाही वासाचा एक उगम आहे. तो अधूनमधून पुसून काढतात.

अंघोळीच्या बाबतीत नव्या मालकाची हमखास चूक होते. वास येतो म्हणून दर आठवड्याला शांपू लावला, तर कातडीचे तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते आणि तैलग्रंथी जोमाने कामाला लागतात. दोन दिवसांत प्राण्याला आधीपेक्षा जास्त वास येतो. म्हणून महिन्यातून एकदाहून अधिक अंघोळ घालू नये, बहुतेकांना वर्षातून दोन-तीन पुरतात, असे पशुवैद्य सांगतात. आहार मांसाचा, दर्जेदार प्रथिनांचा ठेवतात. खोलीत हवा खेळती ठेवतात. तिचा दुसरा उपयोग असा, की फेरेटला घामावाटे अंग थंड करता येत नाही आणि ३० अंश सेल्सिअसपुढचे तापमान त्याच्या जिवावर बेतू शकते. हे सगळे केल्यावरही थोडा कुबट वास राहतोच, आणि फेरेट घरी आणण्यापूर्वी त्याच जातीच्या प्रौढ प्राण्याजवळ काही वेळ बसून तो आपल्याला सोसतो का हे पाहावे, असा सल्ला अनुभवी पाळणारे नव्या माणसाला देतात.